आठशे मीटरच्या वत्सलाबाई

"ऑलिम्पिकमधी कितवा नंबर आला, बाई?" असं कुणी विचारलं की वत्सलाबाई ठसक्यात सांगत, "शेवटचा!" विचारणाराच ओशाळायचा.

मूल तालुक्यातल्या एका धानाच्या गावातली ही मुलगी. आपल्याकडच्या बायका ऑलिम्पिकला फारशा जात नव्हत्या, तेव्हा ती आठशे मीटर धावायला गेली. पुढे आमच्या चंद्रपूरच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका झाल्या. एकदा मी हट्टच धरला, तेव्हा म्हणाल्या, "दुसऱ्या फेरीत पोटात कळ आली. बाकीच्या पोरी पोचून जॅकेट घालून राह्यल्या होत्या, अन् मी एकटीच धावून राह्यली होती. वाटलं, निघून जावं बाहेर."

"मंग काऊन नाई गेल्या?"

"एवढ्या लांब काय अर्धंच धावाले गेली होती मी?"

नववीत बाबांनी माझं धावणं बंद केलं. आखूड चड्डीवरून मोहल्ल्यात बोलणं सुरू झालं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बाई आमच्या अंगणाबाहेर येऊन उभ्या राहिल्या. हाक नाही, वाद नाही. आईने दिलेला चहा घेतला आणि सहाला मैदानावर गेल्या. असे अकरा दिवस. बाराव्या दिवशी बाबाच बाहेर आले.

"बाई, लोक आता तुमालेच पाहाले येऊन राह्यले."

"पाहू द्या, भाऊ. मले सवय आहे. पोरीले पाठवा."

बाबा आत आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बूट घाल."

मी काही मोठी धावपटू झाले नाही. वनरक्षक भरतीच्या धावण्यात मात्र पास झाले. नेमणूक भामरागडकडे, जंगलात. त्याच आठवड्यात बाईंना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. लग्न केलेलं नव्हतं; घरात एक थकलेली बहीण. मी खाटेजवळ बसून म्हटलं, "मी जात नाई, बाई. पुढच्या भरतीले पाहू."

बराच वेळ त्या शब्द जुळवत राहिल्या. मग डाव्या हाताने माझा दंड धरला आणि मला दाराकडे ढकललं.

"जाय. बस सुटून जाईल."

मी गेले. तीन महिन्यांनी बाई वारल्या तेव्हा मी गस्तीवर होते. निरोप दोन दिवसांनी पोचला. शेवटी जवळ नव्हते, याचं दुःख आहेच. पण थांबले असते, तर बाईंनी मला दारातही उभं केलं नसतं.