मालोजीतात्यांचं एकुलतं एक ‘नको’

मालोजीतात्यांना बोलायला विषय लागत नसे, माणूस लागे. खोपोलीच्या एका कागद कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ही माणसं त्यांना गजाच्या केशकर्तनालयात मिळत. कोंडाण्याच्या अलीकडे, नाक्यावर, एक खुर्ची, एक आरसा आणि एक लांब बाक एवढंच ते दुकान. खुर्चीत दाढीवाला बसे आणि बाकावर गावाचं मत बसे. गजा वस्तरा चालवता चालवता सभाही चालवी. समोरच्याच्या गळ्यावर वस्तरा असल्यामुळे त्याला सहसा कोणी विरोध करत नसे.

त्या आठवड्यात बाकावर एकच विषय होता. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव यायचा होता, की गावाचं काम बघणाऱ्या प्रत्येक सरकारी माणसाने आपलं उत्पन्न आणि मालमत्ता दरवर्षी पंचायतीच्या फळ्यावर लावावी.

“लावा म्हंतो मी!” मालोजीतात्या बाकावर थाप मारून म्हणाले. “साफ हाय त्याला भ्या कसलं?”

या वाक्याला बाकावर वजन होतं, कारण तात्यांचा एकुलता एक मुलगा साईराज पलीकडे खालापूर तालुक्यात तलाठी होता. सरकारने तलाठ्याचं आता ग्राम महसूल अधिकारी केलंय. तात्या ते लांबलचक नाव लग्नपत्रिकांवर वापरत, बोलताना मात्र तलाठीच म्हणत.

“बघा हां तात्या,” गजा आरशातूनच म्हणाला. “उद्या आपलं बघून तिकडची गावं पन ठराव करतील. साईराजचा कागद लागंल फळ्यावर.”

“लागू दे की रं! सोन्यासारखा पोर हाय माजा.”

दुपारी झेरॉक्सवाल्या झहीरने गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न टाकला. ग्रुप त्यानेच काढलेला आणि तोच सांभाळायचा. ग्रामसभेआधी लोकांचं म्हणणं कळावं, एवढाच त्याचा हेतू. ‘सरकारी अधिकाऱ्यांनी उत्पन्न जाहीर करावं का?’ खाली दोन पर्याय: ‘पाहिजे’ आणि ‘नको’.

तात्या जेवून आडवे झाले होते. त्यांनी फोन हातात घेतला, प्रश्न वाचला, बायको सोनुबाई ओसरीवर आहेत ना याची खात्री केली आणि भिंतीकडे तोंड करून ‘नको’ दाबलं. तात्यांनी आजवर जेवढी मतं दिली, ती सगळी पुठ्ठ्याच्या आडोशाला उभं राहून. बटण दाबायचं, आवाज झाला की बोटाची शाई मिरवत घरी यायचं. चारचौघांत कोणाची हवा केली आणि आत काय दाबलं, हे आजवर कोणाला कळलं नव्हतं. मत म्हणजे गुप्त, हे त्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं की फोन छातीवर ठेवून ते शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी ते बाकाजवळ गेले तर बसायला जागा भराभर झाली. इतकी जागा त्यांना कधीच मिळाली नव्हती.

“तात्या, चा पाहिजे की नको?” एकाने विचारलं.

“पाहिजे की.”

“साखर पाहिजे की नको?”

“पाहिजे रं, आज काय नवीन इचारतंस?”

“नाय, इचारलेलं बरं. माणूस बोलतो एक आन त्याच्या मनात असतं एक.”

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचे खांदे हलायला लागले. गजाने वस्तरा बाजूला धरला, कारण हसणाऱ्या गळ्यावर तो चालवता येत नाही. तात्यांना हसण्याचा रोख कळेना. चहा अर्धा टाकून ते समोर झहीरच्या दुकानात गेले.

झहीर मुलगा सभ्य. त्याने आधी स्टूल पुढे केलं, मग म्हणाला, “तात्या, चष्मा लावा.” आणि स्वतःच्या फोनवर त्याने प्रश्नाखालच्या एका ओळीवर बोट ठेवलं. पडद्यावर नावं उलगडली. ‘पाहिजे’खाली सगळा गाव. ‘नको’खाली एक. शेजारी गणपतीच्या मखरापुढे हात जोडून उभ्या असलेल्या मालोजीतात्यांचा फोटो.

“हे... हे सगळ्यांना दिसतं?”

“सगळ्यांना.”

“आन तू आदी सांगितलं नायस?”

“मला काय माहीत तात्या, तुमी ‘नको’ दाबणार? तुमीच तर सगळ्यात मोठ्याने बोलत होतात.”

तात्यांनी खिशातून आपला फोन काढला आणि ‘पाहिजे’ दाबलं. त्याच क्षणी समोरच्या दुकानातून गजाचा आवाज आला, “अरं, ‘नको’ गेलं रं! तात्या बदलले!” झहीरने मान खाली घातली. “आता बदलून काय उपयोग नाय तात्या. कालच लोकांनी फोटो काढून ठेवलेत.”

तरीही तात्या यादी वाचत राहिले. लाज वाटलेल्या माणसाला डोळे कुठेतरी ठेवावे लागतात. आणि ‘पाहिजे’च्या यादीत त्यांना एक लहान बाळ दिसलं. फोटो त्यांच्या नातवाचा होता. शेजारी नाव होतं साईराजचं.

“त्याने कवा दाबलं?”

“लगेच. मी प्रश्न टाकला आन पयलं मत त्याचंच आलं.”

तात्या स्टुलावरून उठले, पण बाकाच्या बाजूने गेले नाहीत. मागच्या बांधाने, काटेकुटे तुडवत घरी गेले.

साईराज शेलूला राहायचा आणि रोज संध्याकाळी आईला फोन करायचा. त्या संध्याकाळी फोन आला नाही. सोनुबाई वाल सोलत बसल्या होत्या. बचत गटाच्या बायकांकडून त्यांना सगळं कळलं होतं. सोलता सोलता वर न बघता त्या म्हणाल्या, “तुमाला खरंच वाटतं व्हय, आपला पोर खातो म्हनून?”

“वाटत नाय गं. पन तो कोंबडा...”

“कंचा कोंबडा?”

“दिवालीच्या आदीचा.”

“तो तर तुमी नेरळच्या बाजारातनं इकत आनलात!”

तात्या गप्प बसले. आणि तात्या गप्प बसले की काहीतरी खरं असतं, हे सोनुबाईंना संसाराच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. त्यांनी वालाचं सूप बाजूला सारलं. मग थोडं थोडं करून बाहेर आलं.

दिवाळीआधी खालापूरकडच्या एका वाडीतला जैतू विचारत विचारत दारात आला होता. त्याचा बाप वारला होता आणि सातबाऱ्यावर त्याचं नाव चढायचं होतं. “तलाठी साहेबांचे वडील ना तुमी? साहेबांना जरा सांगा,” म्हणाला आणि काखेतला गावठी कोंबडा पुढे केला. तात्या “सांगतो” म्हणाले. घेतला नाही तर बिचाऱ्याला वाईट वाटेल, असंही स्वतःला म्हणाले. साईराजला सांगायचं मात्र ते विसरून गेले. पण भाकरी रश्शात बुडवताना त्यांच्या मनात आलं ते आलंच. बापाच्या दारात माणूस कोंबडा घेऊन येतो, मग पोराच्या कचेरीत काय घेऊन जात असेल? आणि त्या दिवसापासून शेलूचा फ्लॅट, गाडी, सुनेचं वॉशिंग मशीन, सगळं त्या कोंबड्याच्याच पोटातून आल्यासारखं दिसायला लागलं.

“म्हंजे,” सोनुबाई सावकाश म्हणाल्या, “खाल्लं तुमी. आन शक घेतलात पोरावर.”

“तू पन खाल्लंस की. रश्शाची तारीफ केलीस.”

हे बोलल्याबरोबर तात्यांना कळलं की हे बोलायला नको होतं. त्या रात्री सोनुबाईंनी तात्यांचं ताट वाढलं, पण वाढून आत निघून गेल्या.

रविवारी साईराज एकटाच आला. तात्या त्याच्या गाडीचा आवाज ऐकून मागच्या दाराने वालाच्या शेतात पळाले होते आणि दिसेल ती शेंग तोडत होते. साईराज बांधावर येऊन उभा राहिला.

“बाबा, कवळ्या तोडताय.”

“तुज्या आयशीला कवळ्याच आवडतात.”

“मी दरवर्षी कचेरीत सगळं लिहून देतो. फ्लॅट, गाडी, बँकेचं कर्ज. उद्या फळ्यावर लावलं तरी मला लाज नाय.” तो थांबला. “मला लाज वाटली ती ग्रुपात तुमचं नाव बघून. ऑफिसात एकाने मला दाखवलं. म्हणाला, घरच्यांना जास्त माहिती असते.”

तात्यांच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. त्या उचलायला ते वाकले आणि वाकलेलेच राहून कोंबड्याची हकिकत बोलून मोकळे झाले. पोराच्या तोंडाकडे बघून ती सांगणं त्यांना जमलं नसतं.

“जैतू?” साईराज म्हणाला. “त्याची वारस नोंद मी त्याच्या वाडीत जाऊन केली. साधा चहा घेतला नाय. आणि तो मला भेटला की दरवेळी विचारतो, ‘साहेब, नीट शिजला व्हता ना?’ मला वाटायचं, याचं डोकं फिरलंय.”

हसण्यासारखं होतं, पण दोघांपैकी कोणीच हसलं नाही.

“म्हणजे खालापुरात एका घरात माझी किंमत एक कोंबडा आहे,” साईराज म्हणाला. “आणि ती तुमी लावलीत. त्याला कोंबडा परत नेऊन द्या.”

“तू पन चल ना.”

“माझं उद्या झेंडावंदन आहे. आणि घेतला तुमी.”

सव्वीस जानेवारीला गाव ग्रामसभेला जमलं तेव्हा मालोजीतात्या खोपोलीच्या एसटीत होते. मांडीवर पिशवी होती आणि पिशवीतून बाजारात विकत घेतलेल्या कोंबड्याची मान बाहेर आली होती. कंडक्टरने एकदा कोंबड्याकडे बघितलं, एकदा तात्यांकडे, आणि तिकीट तात्यांचंच फाडलं. एवढंही कोणी आपल्याकडे बघू नये असं तात्यांना वाटत होतं.

उतरून पुढे वाडीपर्यंत चालावं लागलं. जैतूने त्यांना लांबूनच ओळखलं. “तात्या! या, या!” पण पिशवी उघडून तात्यांनी कोंबडा बाहेर काढल्याबरोबर त्याचा चेहरा पडला.

“हा घे रं जैतू. तुजा कोंबडा. परत आनलाय.”

“परत?” जैतूने मागे बघितलं. बायको दारात येऊन उभी राहिली. “साहेबांना कमी पडला व्हय?”

“अरं नाय...”

“थांबा, थांबा.” तो घरामागे धावला आणि एक तांबडी कोंबडी घेऊन आला. “ही अंड्यावर हाय तात्या, पन घेऊन जा. आन शेरडू पायजे असंल तर तसं सांगा. नाव तेवढं राहू द्या सातबाऱ्यावर.”

तात्यांच्या एका हातात कोंबडा होता, दुसऱ्या हातात जैतूने कोंबडी कोंबली. शेजारची चार माणसंही येऊन उभी राहिली. पोराचं नाव साफ करायला निघालेला हा माणूस त्याच्या नावावर आणखी एक कोंबडी चढवून उभा होता.

“जैतू,” शेवटी ते म्हणाले, “साहेबांनी तो कोंबडा बघितलाच नाय. मी खाल्ला.”

“तुमी?”

“मी. साहेबांना म्या सांगितलं पन नव्हतं. त्याने तुजं काम तसंच केलं. फुकट.”

जैतूने शेजारच्यांकडे बघितलं, मग तात्यांकडे, आणि समजूत काढल्यासारखा हसला. “असं कुटं असतं व्हय तात्या? बाप हायसा, पोराला सांभालून घेताय. घ्या, कोंबडी घ्या. आमी नाय कोणाला बोलनार.”

तात्यांनी कोंबडी त्याच्या हातात परत दिली. कोंबडा अंगणात सोडला. मग ते ओट्याच्या कडेला बसले.

“बस रं जैतू. तुमी पन बसा,” ते खाली मान घालून म्हणाले. “तू दारात आलास ना, तिथपासनं परत सांगतो. पयलं म्हंजे, मी ‘सांगतो’ म्हनालो, ते खोटं व्हतं.”