तिसऱ्या मजल्यावरचे दोन थेंब

मॉलमधल्या त्या पबमध्ये मला करमेना. नाशिकलाही हाच पब आहे; भिंतीवर टांगलेली जुनी सायकलसुद्धा अशीच. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी बिअरमध्ये बोट बुडवलं आणि पहिल्या घोटाआधी दोन थेंब जमिनीवर शिंपडले. वेटर फडकं घेऊन धावलाच.

“सांडलं का, सर?”

“सांडलं नाही हो, वडिलांना दिलं,” ते ओशाळून म्हणाले. तोवर फरशी कोरडी झाली होती.

मी उगाच चिडलो. या फरशीखाली चपलांचं दुकान, सगळ्यात खाली पार्किंग. थेंब मुरणार कुठे? मलाही आज माझ्या दोस्ताला, सुध्याला द्यायचे होते. तो गेल्यापासून मी प्यायला एकटाच बसतो. मी बोट बुडवलं. वेटर अजून तिथेच उभा होता. ओलं बोट मी मुठीत मिटून घेतलं.