तिसऱ्या पेगची खुर्ची

किस्से जमवावे लागत नाहीत हो. चार रिकामटेकडे दर रविवारी एका शेडमध्ये बसले की ते आपोआप साचतात. घाटकोपरला नाना पेंटरची शेड होती, आणि दारूबंदीच्या त्या दिवसांत आम्हाला एकच खूळ लागलं होतं. परदेशी मासिकांतल्या व्हिस्कीच्या झकपक जाहिरातींची हुबेहूब नक्कल करायची आणि खाली टोमणा मारायचा! रंग नानाचा, मजकूर माझा, आणि सूट घालून साहेब म्हणून बसायचा आमचा दोस्त शांताराम.

*

पहिला बोर्ड अंधेरीत लागला. मखमली खुर्चीत आमचा सुटातला साहेब, हातात ग्लास. 'पहिला पेग: कर्तबगार माणसाची संध्याकाळ!' खाली बारीक अक्षरांत, 'सकाळचं त्याच्या बायकोला विचारा.'

दुसऱ्याच दिवशी काळ्या टोपीतले एक सद्गृहस्थ शेडमध्ये हजर! "माल चांगला दिसतोय. मिळतो कुठे?"

*

शांतारामच्या ग्लासात आम्ही कोरा चहा भरायचो. एकदा नाना ओरडला, "अरे, ग्लास अर्धा झाला! मी भरलेला काढलाय!"

"हाताला सवय आहे यार, आपोआप वर जातो."

आम्ही खूप हसलो. मग कळलं, तो खरंच माहुलच्या खाडीकडची हातभट्टीची पीत होता. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

*

'दुसरा पेग: रंगत वाढवा!' या बोर्डावर साहेबाचे डोळे हळदीसारखे पिवळे.

मी म्हटलं, "नाना, शांतारामचे डोळे पांढरे आहेत रे!"

"मला दिसले तसे काढले."

महिन्याभरात शांतारामला कावीळ झाली. नानाने पिवळ्या रंगाचा डबा उचलून फेकून दिला.

*

तिसऱ्या बोर्डावर नुसती रिकामी खुर्ची काढायची ठरली होती. 'तिसरा पेग: आता संपूर्ण आराम!' तेवढ्यात शांताराम बेशुद्ध पडला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी आशा सोडली.

त्याची बायको सुशीला थेट शेडमध्ये आली. "नानाभावोजी, खुर्ची रिकामी ठेवू नका. ह्यांना बसवा तिथे."

नानाने रडत रडत शांतारामला बसवलं, ग्लासाशिवाय. बोर्ड मरोळला उभा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला गेलो, तर खुर्ची रिकामी! रंग कुठे खरवडलेला नाही, पुसलेला नाही. मखमलीवर कुणी बसून उठल्यासारखा खळगा मात्र होता. नानाने त्या खळग्यावरून हात फिरवला.

"वाट लागली रे! गेला आपला शांताराम!"

आम्ही धावतपळत हॉस्पिटल गाठलं. शांताराम खाटेवर उठून बसला होता आणि सुशीला त्याला पेज भरवत होती. बोर्डाबद्दल त्याला कुणी एक शब्द सांगितला नव्हता.

आम्हाला बघून तो कण्हला, "नाना, पाठ धरली ना यार! त्या खुर्चीत आता कुणाला बसवू नकोस."