अम्माच्या फंडातली छाट

"यांना बाहेर बसवा. एसीत तंबाखूचा वास राहतो."

सात रस्त्याजवळच्या शेअरच्या ऑफिसातले साहेब माझ्याकडं बघून बोलले, अगदी गोड आवाजात. अम्मा, माझी आई, समोरच उभी होती. आमची घरची बोली तेलुगू, पण तिला मराठी चांगलं कळायचं. तेहेतीस वर्षं विड्या वळून तो वास तिच्या अंगात गेलेला, साबणानं जाणारा नव्हता. तिनं पदर सावरला, चपला घातल्या आणि जिन्यावर जाऊन बसली.

आणि मी? मी एसीत बसून राहिले. खरं सांगते, अम्मा बाहेर गेल्यावर मला जरा बरंच वाटलं. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

आम्ही अम्माचा फंड घेऊन गेलो होतो. विडी कारखान्यातून सुटताना मिळालेला. घरात तेवढी एकच ठेव. म्हातारपणी कुणापुढं हात पसरायला लागू नये, एवढंच तिचं म्हणणं. मी बारावी झालेली, गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसते. तिथली एक मैत्रीण मोबाईलवरच शेअर घ्यायची, कमी दलालीच्या ॲपवर. तसलं खातं बरं की तुमच्याकडचं, असं मी साहेबांना भीत भीत विचारलं. साहेब हसले.

"ताई, ते शिकलेल्या लोकांसाठी असतं. स्वस्तातलं तुमच्यासारख्यांना परवडत नाही. उद्या चुकलात तर काय मोबाईलपुढं रडणार?"

मी पण हसले. कशाला हसले कुणास ठाऊक.

खातं अम्माच्या नावावर काढलं. फॉर्मवर मोबाईल नंबर मात्र साहेबांनी आपल्या ऑफिसचा टाकला. रोज मेसेज येऊन तुम्हाला त्रास नको, म्हणाले. आम्हाला ते उपकारच वाटले. कारण विडी कारखान्यात बायकांचं कार्ड मुनीमाकडंच राहायचं. आपला कागद मालकाच्या कपाटात असला की तो नीट राहतो, हे आमच्या हाडात मुरलेलं. सह्यांसाठी अम्माला आत बोलावलं तेव्हा ती उलट साहेबांच्या पाया पडायला वाकली. मी तिला अडवलं नाही.

दीड वर्षानं अम्माची धाप लई वाढली. सिव्हिलमध्ये ठेवलं. बाहेरची औषधं आणायला पैसे लागले म्हणून साहेबांकडं गेले, तर खात्यात निम्म्याहून कमी. बाजार पडला, म्हणाले. मी व्यवहाराचे कागद मागितले. चार दिवस फिरवलं, मग एकदाचा गठ्ठा हातात दिला. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून मी पान न् पान वाचलं. आज घेतलं, परवा विकलं. परत घेतलं, परत विकलं. आम्ही कुणीच असलं काही सांगितलं नव्हतं. शेअर फार पडलेही नव्हते. दलाली मात्र दर वेळी कापलेली. घेताना पण, विकताना पण.

अम्माला सहीपुरतं यायचं, वाचता येत नव्हतं. मी तिला सोपं करून सांगायला लागले, तर तिनं हातानंच थांबवलं.

"छाट," ती म्हणाली.

विडी कारखान्यात माल तपासायला चेकर बसतो. बाईनं दिवसभर वळलेल्या विड्या समोर ठेवल्या की त्यातल्या मूठभर खराब म्हणून बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. त्याचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत. त्यात चांगल्या विड्या असतात हे सगळ्या बायकांना माहीत. पण बोलायची सोय नाही. बोललं की दुसऱ्या दिवशी मूठ मोठी होते.

"तिथं निदान डोळ्यासमोर काढायचे," अम्मा तेलुगूत म्हणाली. "इथं मला बाहेर बसवून काढली."

मग भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. नऊ दिवसांनी गेली. पैसे असते तर ती वाचली असती असं मी म्हणत नाही. पण आपली आख्खी जिंदगी कुणीतरी मुठीमुठीनं उचलून नेली, हे कळून ती गेली. आणि तिला तिथं मीच नेलं होतं. याला औषध नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी ते स्वस्तातलं खातं उघडायला बसले. माझ्या नावावर. तीन ॲप काढले. बक्षिसं, जाहिराती, हसरी माणसं, काही बघितलं नाही. सरळ दराचं पान उघडलं. प्रत्येकाला मनात एकच विचारलं, तुझी मूठ केवढी, ते आधी सांग. घेताना किती, विकताना किती, नुसतं खातं ठेवायचं वर्षाला किती. जिथं सगळं उघड लिहिलेलं आणि सगळ्यात कमी, ते निवडलं. त्याची नोंदणी खरी आहे का तेही तपासलं. मोबाईल नंबर माझा टाकला. कोऱ्या कागदावर सही करून फोटो चढवला. अर्धा तासही लागला नाही. मला येत होतं की हे सगळं. अम्मा असतानाही येत होतं. त्या दिवशी मी मशीनवर डोकं ठेवून रडले. पहिल्याच महिन्यात माझे शेअर पडले, पण ते पडले. कुणी काढून नेले नाहीत.

मग साहेबांची वर, शेअर बाजाराच्या ऑफिसात, तक्रार केली. लेखी, सगळ्या गठ्ठ्याच्या झेरॉक्ससकट. साहेबांचा फोन आला. पहिल्यांदाच मला मॅडम म्हणाले. गेले तर टेबलावर एक पाकीट आणि एक टाईप केलेला कागद. कागदात लिहिलेलं, सर्व व्यवहार माझ्या आईच्या सांगण्यावरून झाले, माझी काही तक्रार नाही. खाली माझं नाव.

"झालं गेलं सोडा," साहेब म्हणाले. "पैसे घ्या, सही करा. नाहीतर वर्षं जातील आणि हातात काही येणार नाही."

पाकीट जाड होतं. मला गरज होती, खोटं कशाला बोलू. हात पुढं गेलाही. पण कागद परत वाचला. आईच्या सांगण्यावरून. जिचं आयुष्यात कुणी काही ऐकलं नाही, तिच्या तोंडी हे घालायचं. आणि त्यावर लेकीनं सही करायची.

"अम्मानं असं काही सांगितलं नव्हतं," मी म्हणाले, आणि उठले.

आता तक्रारीच्या सुनावणीची तारीख लागली की मी जाते. त्या दिवशीची रोजी बुडते. बुडू दे. निकाल कसाही लागू दे, वर्षं किती जायची ती जाऊ देत. त्या कागदावर माझी सही पडणार नाही.