कटोरा नानांचा सल्ला

कटोरा नाना माणसाचं तोंड विसरायचे, डोकं कधीच विसरायचे नाहीत. समोरून कुणी “नाना, रामराम” म्हणत आला की ते गोंधळून बघत राहायचे. तो पाठमोरा होऊन चालायला लागला की मात्र त्यांना लगेच ओळख पटायची. “अरे, हा तर पारगावचा! उजवीकडं भोवरा, मानंवर तीळ. लहानपणी लई रडायचा खुर्चीत.” तोवर तो माणूस रस्त्याच्या पलीकडे गेलेला असायचा आणि नाना इकडून ओरडून त्याच्या आईची तब्येत विचारायचे.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या बसस्थानकासमोर त्यांचं सलून होतं. शेजारी माझ्या वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान. मध्ये फक्त एक पत्रा. तिकडचं बोलणं इकडं ऐकू यायचं आणि इकडचा वार्निशचा वास तिकडं जायचा. मी शाळेतून आले की अप्पांच्या बाकड्यावर बसून कॉइल गुंडाळायची. तांब्याची तार, किती फेरे, कुठल्या खाचेत कुठली, हे मला पाढ्यांआधी यायला लागलं होतं. पत्र्यापलीकडून नानांची मशीन गुरगुरत असायची.

तरुणपणी नाना पुण्याजवळच्या लष्करी प्रबोधिनीत केस कापायला लागले, ते सव्वीस वर्षांनी निवृत्त होऊनच वाशीला परतले. हाताला एकच वळण पडलं होतं: बाजू साफ, वर थोडं. डोक्यावर वाटी उपडी ठेवल्यासारखं. दिवाळीला झुपकेदार केस ठेवू बघणारी पोरंही त्यांच्या खुर्चीतून जवान होऊनच उठायची. म्हणून ते कटोरा नाना. त्यांना या नावाचा राग नव्हता. “नाव हाय म्हंजी काम ध्यानात हाय,” म्हणायचे.

प्रबोधिनीतल्या पहिल्या दिवसाची गोष्ट ते फार रंगवून सांगत. देशभरातली पोरं रांगेत उभी, एका डोक्याला चार मिनिटं. नाना प्रत्येकाला एकच विचारायचे, घरी केस कोण कापायचं? कुणी सांगायचं, गल्लीतला चाचा. कुणी सांगायचं, आई. आई म्हटलं की पोराचे डोळे भरून यायचे. मागं सगळी रांग बघत असायची. मग नाना पाणी फवारायची बाटली उचलून त्याच्या तोंडावर भरपूर पाणी मारायचे. “आता कुणाला कळतंय, कशानं भिजलंय?” पुढं त्यातले कितीतरी मोठे अधिकारी झाले, पण नाना त्यांची नावं कधी मिरवत नसत. “सायेब मोठे झाले, डोकी तेवढीच ऱ्हायली,” एवढंच म्हणत.

अशा माणसाच्या शेजारी वाढलेल्या मुलीनं सैन्याची परीक्षा दिली नसती तरच नवल. बारावीला मी एक सोडून दोन ठिकाणी अर्ज केले. लेखी झाल्या, पाच-पाच दिवसांच्या मुलाखती झाल्या, आणि उन्हाळा संपता संपता दोन्हीकडून पत्रं आली. एक नानांच्या प्रबोधिनीचं. तिथं मला भूदल मिळालं होतं. दुसरं केरळात, समुद्राकाठी असलेल्या नौदलाच्या कॉलेजचं. तिथं चार वर्षं इंजिनिअरिंग आणि मग जहाजावर. उत्तर कळवायला आठ दिवस.

खरं तर उत्तर गावानं आधीच देऊन टाकलं होतं. प्रबोधिनीचं पत्र दोन दिवस आधी आलं होतं आणि तेवढ्यात तरुण मंडळानं चौकात फ्लेक्स लावलासुद्धा. त्यावर चौदा चेहरे होते. त्यांत सगळ्यांत लहान माझा. खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या कोटातले नाना, खाली लिहिलेलं ‘मार्गदर्शक’. नाना आयुष्यात पहिल्यांदाच फ्लेक्सवर आले होते. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी ते चौकातून मुद्दाम चक्कर मारून येत. वर बघायचे नाहीत, नुसते खालून जायचे.

नौदलाचं पत्र मी तीन दिवस दप्तरातच ठेवलं. मी समुद्र बघितलेला नव्हता. मला पोहायला येत नव्हतं. तरी ते पत्र मी दिवसातून चारदा काढून वाचत होते. शेवटी पत्र्याला वळसा घालून सलूनमध्ये गेले आणि नानांसमोर धरलं.

“नाना, तुम्हीच सांगा. कुठं जाऊ?”

नानांनी मशीन बंद केली. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या डोक्याचं बसून राहिलं. नानांनी पत्र लांब धरून वाचलं, मग घडी करून माझ्या हातात दिलं.

“म्या सव्वीस वर्षं प्रबोधिनीचं मीठ खाल्लंय. मला इचारलंस तर म्या दुसरं काय सांगणार? पर त्यो खरा सल्ला न्हाय व्हनार. मला एकच दार ठावं हाय. दुसऱ्या दारातनं आत जाऊन आलेला मानूस आधी हुडकू.”

“नाना,” खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं, “त्या आधी माझं तेवढं पुरं करा की.”

वाशी तालुक्यात फौजेत गेलेले पुष्कळ, पण नौदलातला माणूस शोधणं म्हणजे उन्हाळ्यात नाल्याला पूर शोधण्यासारखं. दुसऱ्याच दिवशी नाना दुकान बंद करून धाराशिवला गेले आणि माजी सैनिकांच्या कँटीनसमोरच्या रांगेत शिरले. काही घ्यायचं नव्हतं. रांगेतल्या एकेकाला विचारत पुढं सरकत गेले, “तुमच्यात बोटीवरचं कोन हाय का?” खिडकीपाशी पोचले तेव्हा कुणीतरी पत्ता दिला. तुळजापूरला एक निवृत्त गृहस्थ आहेत, भाविकांसाठी लॉज चालवतात, सगळे त्यांना चीफ म्हणतात. आयुष्य जहाजाच्या इंजिनांत गेलं आणि शेवटची काही वर्षं समुद्राकाठच्या त्याच कॉलेजात शिकवण्यात.

सोमवारी सलूनला सुट्टी. नाना इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच हजर झाले. अप्पांचं मन नव्हतं. “फ्लेक्स लागलाय, आता कशाला हिंडायचं?” म्हणत होते. पण आईनं डबा बांधून दिला आणि आम्ही दोघं एसटीनं तुळजापूर गाठलं.

चीफ साठीचे, ठेंगणे, हाताला तेलाचे डाग. लॉजच्या कट्ट्यावर बसवून त्यांनी आतल्या माणसाला आमची ताटं वाढायला सांगितलं आणि थेट विषयाला हात घातला.

“पोरी, समुद्र बघायला जाणार असशील तर जाऊ नको. इंजिनरूमला खिडकी नसते. बाहेर दिवस हाय का रात्र, पत्ता लागत न्हाय. उकाडा असा की शर्ट पिळून परत घालावा. आवाजात बोलणं ऐकू येत न्हाय, हातानं खुणा करायच्या. समुद्र कसा हाय ते आमाला वरची लोकं येऊन सांगायची.”

“मग मशीन बिघडायला लागली, हे एवढ्या आवाजात कळतं कसं?” मी विचारलं.

“हात ठेवायचा,” चीफ म्हणाले. “कान फसवतो, तळहात फसवत न्हाय.”

अप्पा मला अगदी हेच शिकवायचे. मग मी विचारत गेले. किती इंजिनं, वीज कुठून येते, भर समुद्रात वाइंडिंग जळालं तर भरून कोण देतं. चीफ ताटाच्या कडेला बोटानं आकृत्या काढायला लागले. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून एक बाई ओरडल्या, “ओ मालक, पाणी गेलं!” चीफ उठले, त्यांच्या मागं मीही. तळमजल्यावरची मोटार नुसती हुंकारत होती, फिरत नव्हती. मी तिच्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “वाइंडिंग चांगलं आहे. कंडेन्सर गेलाय.” चीफनी कपाटातून नवा काढून माझ्या हातात ठेवला. दहा मिनिटांत वरून बाईंचा आवाज आला, “आलं, आलं!” मी परत आले तेव्हा माझ्या ताटातली आमटी पार थंड झाली होती आणि नाना कट्ट्यावर हाताची घडी घालून माझ्याकडेच बघत बसले होते.

परतीच्या गाडीत धाराशिव येईपर्यंत नाना बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, “प्रबोधिनीचं तू मला चार दिस इचारतीस. काय इचारलंस? गणवेश कसला, सुट्टी कधी, घरी फोन करू देत्यात का. आन् ह्या मानसाला दोन तासांत जे इचारलंस, त्यातलं मला निम्मं बी कळलं न्हाय.” खिडकीबाहेर बघत म्हणाले, “जा तिकडं.”

“पण नाना, तुम्हाला वाटत होतं ना, मी तुमच्या...”

“मला लई वाटतं. म्या तर ठरवलं व्हतं, तुला घिऊन फाटकापर्यंत यायचं, पहाऱ्यावरच्याला सांगायचं, ही आमच्या गावची.” ते हसले. “पर मला वाटून काय व्हतंय? पहाटं पाचला उठायचंय तुला.”

“मला पोहता येत नाही.”

“वाशीत कुनाला येतंय? आमच्याकडं वाळवंटातली पोरं यायची. पयल्या दिवशी तलावाच्या कठड्याला मिठी मारून बसायची. सा म्हैन्यांनी त्यास्नी पान्यातनं बाहेर काढायला शिट्टी मारावी लागायची.”

लॉजवरची मोटार फिरायला लागली तेव्हाच माझं ठरलं होतं. तोंडातून निघायचं तेवढं राहिलं होतं. “मी समुद्राकडेच जाणार,” मी म्हणाले आणि नानांनी कंडक्टरकडून सुट्टे घ्यायचे राहिलेत का, असं काहीतरी भलतंच बोलून डोळे पुसले.

अप्पांना पटवणं अवघड गेलं. “सगळ्या तालुक्यानं फ्लेक्स बघितलाय, नाना! लोक म्हणतील, पोरीला तिथं घेतलंच नाही.”

“बालाजी,” नाना अप्पांना म्हणाले, “पोरगी धाडायचीय का फ्लेक्स?”

अप्पा बराच वेळ कॉइलची तार सरळ करत बसले. शेवटी म्हणाले, “धाडा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात शिडी लागलेली होती आणि त्यावर सत्तरीचे नाना. प्रबोधिनीच्या नावावर त्यांनी पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली, जराशी तिरकी. तिच्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, ‘नवदल’. पुढचे कितीतरी दिवस लोक अप्पांना विचारत होते, हा नवीन पक्ष कुणाचा निघाला आणि तुमची पोरगी त्यात कधी गेली?

मी गेल्यावर दर रविवारी नानांचा फोन ठरलेला. “आज काय उघडलंस?” हा पहिला प्रश्न. मी पंप, झडपा, टर्बाइन असं काही सांगत राहायची, ते “व्हय, व्हय” करत राहायचे. पहिल्या सत्रात मी पोहण्याच्या चाचणीत नापास झाले. त्या रविवारी नानांनी काही विचारायच्या आधीच मी ते सांगून टाकलं.

“पान्यात पडलीस का?” नानांनी विचारलं.

“पडले.”

“वर आलीस का?”

“आले.”

“मग आर्धं झालं.”

उरलेलं अर्धं दुसऱ्या सत्रात झालं. ते सांगायला मी रविवारची वाट न बघता बुधवारीच फोन केला. नानांनी तो फोन सलूनमधल्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या कानाला एकेक करून लावला आणि प्रत्येकाला मला पुन्हा तेच सांगायला लागलं.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. दुपारी गिऱ्हाईक नसताना स्वतःच्याच खुर्चीत बसल्या बसल्या. माझी परीक्षा चालू होती, मला येता आलं नाही. त्याचं वाईट अजून वाटतं. वाशीतली बाकीची सलूनं त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या माणसांची. त्यांनी आपसांत ठरवून तीन दिवस एकही दुकान उघडलं नाही. ऐन लग्नसराई. तिसऱ्या दिवशी गावात एक लग्न होतं. नवरदेवाला घरचे म्हणाले, शेजारच्या भूमला जाऊन दाढी करून ये. तो ऐकेना. म्हणाला, जावळापासून माझं डोकं नानांच्या हातात होतं, आज मी दुसरीकडं बसणार नाही.

अप्पांनी मला त्या लग्नाचा फोटो पाठवला. मंडपात बोहल्यावर फेटा बांधलेला नवरदेव, तीन दिवसांच्या दाढीचा. मागं उभे असलेले सगळे पुरुषही तसेच खुरटलेले, माझे अप्पासुद्धा. आणि नवरी तोंडाला पदर लावून पोट धरून हसते आहे.