चार वेळा तापवलेला डफ

हार-तुरे या प्रकाराची मला मनापासून चीड आहे. कोणी शाल घेऊन पुढे आलं की मी चपला शोधायला लागतो. बायको म्हणते, तुम्ही माणूसघाणे झालात. झालो असेन. पण पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यातली ती दुपार तिने पाहिलेली नाही.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी तिथे कारकून होतो आणि कामगारांच्या करमणूक मंडळाचा चिटणीसही. अमेरिकेतली एक कृष्णवर्णीय गायिका पुण्यात कार्यक्रमाला येणार होती. कापसाच्या मळ्यांत राबलेल्या गुलामांची गाणी ती गाते, असं पेपरात वाचलं आणि मी हौसेने पत्र टाकलं. बाई चक्क हो म्हणाल्या. मुंबईला जाताना तासभर आमच्याकडे थांबणार होत्या.

बातमी मी सगळ्यांत आधी सांगितली ती बाटल्या धुण्याच्या खात्यातल्या माझ्या दोस्ताला. चाकणकडचा गडी, गावच्या जलशात डफावर गायचा. रोज कडुलिंबाखाली आम्ही शेजारी बसून डबा खायचो. त्याचा घास हातातच राहिला.

"भाऊसाहेब, आमच्या आज्यानं बी लोकाच्या रानात फुकाट राबत गानी रचली. त्यातलं एक तिला ऐकवू द्या. एकच."

"दिला शब्द," मी म्हणालो. आठ दिवस तो बाटल्या धुताना तेच गाणं घोळवत होता.

आणि मी काय केलं? रीतीप्रमाणे आधी सत्कार ठेवला, त्याचं गाणं नंतर. बॉयलरवाले हार आणणार म्हटल्यावर पॅकिंगवाले मागे कसे राहतील? प्रत्येक खात्याचा वेगळा हार, प्रत्येक हाराआधी दोन शब्द. आपल्याकडे दोन शब्द किती लांबतात, ते सांगायला नको. वर मोठ्या साहेबांचं चार पानी भाषण. ते लिहिलं कोणी होतं? मीच! रात्री जागून, सुभाषितं पेरून.

डफाचं कातडं शेकल्याशिवाय बोलत नाही. दोस्ताने कार्यक्रमाच्या शेडमागे कागद पेटवून डफ तापवला आणि दाराशी येऊन उभा राहिला. तेवढ्यात स्टोअरवाल्यांचा हार निघाला. डफ गार झाला, तो पुन्हा मागे गेला. असं चार वेळा झालं. दर वेळी तो माझ्याकडे बघायचा आणि मी हातानेच थांब म्हणायचो. इकडे बाईंच्या हनुवटीपर्यंत झेंडू चढला होता.

शेवटी जेमतेम वीस मिनिटं उरली. बाईंनी एकेक हार काढून खुर्चीवर ठेवला आणि पेटी-तबल्याशिवाय उभ्याने गायल्या. शब्द फारसे कोणाला कळले नाहीत, तरी शेड चिडीचूप झाली. आमचा खडूस फोरमन डोळे पुसत होता. दाराशी माझा दोस्त डफ छातीशी धरून उभा होता.

गाणं संपलं तसं बाईंनी मला विचारलं, "तुमच्या कामगारांत कोणी गात नाही का? मला ऐकायला आवडेल."

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळावर बोट ठेवलं. पलीकडे टेबलावर चहा आणि पोहे मांडून ठेवले होते.

"नाही बाई, इथे सगळे नुसते ऐकायला आलेत," मी म्हणालो. इंग्रजीत, अगदी अदबीने.

पोहे झाले, मोटार गेली. खुर्चीवरचे हार गोळा करायला मीच उरलो होतो. तो जवळ आला.

"काय इचारत व्हती बाई?"

खोटं बोलता आलं असतं, पण तेवढीही अक्कल सुचली नाही. "इथे कोणी गातं का, असं विचारत होती."

"मग तुमी काय म्हनला?"

मी हार आवरत राहिलो. मग त्याने डफ फडक्यात गुंडाळला आणि गाठ मारली.

"ती सात समुंद्रापल्याडनं आली, तरी तिनं इचारलं," तो म्हणाला. "तुमी तर रोज माझ्या शेजारी डबा खाता, भाऊसाहेब."

दुसऱ्या दिवशी कडुलिंबाखाली मी एकटाच जेवलो.