बुरुजाच्या आतून जेवढं दिसलं

चाचा स्वतःवर गुदरलेल्या गोष्टीच सांगत, आणि त्याही कधी सुरुवातीपासून नाही. "हत्तीचा पाय माज्यापास्नं वीतभर लांब हुता," एवढं म्हणून ते थांबत आणि पानाला चुना लावत बसत. ऐकणारे सरसावले की मगच ते मागं जात. मैदान कुठलं, हत्ती कसला, आपण तिथं कसे सापडलो, हे सगळं नंतर.

महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात साठमारी होत असे. माजावरचा हत्ती भिंतींच्या मैदानात सोडायचा, आणि साठमारांनी कापड नाचवून त्याला अंगावर घ्यायचं. मैदानात दगडी बुरूज होते. त्यांच्या दारातून माणूस शिरे, हत्ती शिरत नसे. चाचा त्या साठमारांपैकी एक. गुडघा गेल्यावर ते तालमीसमोरच्या कट्ट्यावर बसू लागले. मी तेव्हा एका साप्ताहिकात बातम्या लिहीत असे आणि संध्याकाळी तिथं जाऊन बसे.

भीती वाटली, असं ते कधी म्हणत नसत. "तोंडाला मातीची चव आली," म्हणत. हत्ती केवढा होता ते सांगत नसत. त्याची सावली अंगावर पडली तेव्हा गार वाटलं, हे सांगत. आणि जे डोळ्यांनी पाहिलं नाही तिथं गोष्ट तोडत. "म्होरलं मी न्हाई बघितलं." पुतण्या करीम वैतागे. "चाचा, लावा की थोडं पदरचं! कोण बघाय आलतं?"

"मी गेलतो की," चाचा म्हणत.

त्यांचा जोडीदार, नेसरीचा दौलती, मैदानातच गेला होता. प्रेत गावी नेलं तेव्हा जखम पाठीवर दिसली. पाठीवर जखम म्हणजे गडी पळताना मेला, असं गावानं ठरवून टाकलं. कट्ट्यावर दौलतीचं नाव कितीदा तरी निघे. नेसरीपर्यंत त्यातलं काही पोचलं नव्हतं. पुढं त्याच्या मुलीला कोडोलीचं स्थळ आलं. मुलाच्या बापाच्या कानावर हे गेलं आणि तो मागं सरू लागला. दौलतीची बायको त्याला घेऊन थेट कट्ट्यावर आली.

"भावजी, आमचं मालक कसं गेलं त्ये ह्या पावण्यास्नी सांगा. न्हाईतर पोर घरात ऱ्हाती माजी."

करीम कानाशी लागला. "छाती काढून हुभा हुता म्हणा."

चाचांनी त्याला हातानं बाजूला सारलं.

"हत्तीचा पाय माज्यापास्नं वीतभर लांब हुता. मी बुरुजाच्या दारात पडलो हुतो, पावणं. गुडघा फुटलेला, आत सरकाय येईना. सोंड आत आली. तवर मैदानातनं हाक आली, 'मोत्या! हिकडं ये की रं, हिकडं!' दौलतीचा आवाज. पाय वळलं. गेलं."

"मग?"

"म्होरलं मी न्हाई बघितलं."

बाईनं पदर तोंडाला लावला. कोडोलीकर म्हणाला, "पर जखम पाठीवर हुती म्हणं."

"व्हय. तिथंच असणार. हत्तीला दुसऱ्यापास्नं लांब न्यायचा तर त्याच्याकडं पाठ करून पळाय लागतंय. तोंड करून हुभा ऱ्हायला असता तर जागच्या जागी चिरडला असता, आन् मोत्या माघारी माज्याकडं आला असता. कुस्ती न्हवं ती, पावणं."

कोडोलीकर बराच वेळ चाचांच्या गुडघ्याकडं बघत राहिला. मग बाईकडं वळला. "पोरीला मामा हाय?"

"न्हाई."

"मग ह्यास्नी हुभं करा."

लग्न कोडोलीला झालं. मंगलाष्टकं लांबली, कुणीतरी पाट आणून ठेवला, पण चाचा मुलीच्या मागं शेवटपर्यंत उभे राहिले. परत येताना बैलगाडीत त्यांना गुडघा वाकवता येत नव्हता.

त्यानंतर चाचा फार वर्षं राहिले नाहीत. होते तोवर कट्ट्यावर येत, गोष्टी सांगत, पण मोत्याची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली नाही. गावाबाहेरून आलेल्या एकानं एकदा हट्टच धरला.

"ती आता माजी न्हाई," चाचा म्हणाले. "पोरीला दिली. मामानं आहेर कराय नको व्हय?"